एलेरॉन, रडर आणि आपली पोरं

लोहगावहून उठणारी लढाऊ विमानं आमच्या घराचे पत्रे हादरवतात. पण एलेरॉनने विमान कलतं, एलिव्हेटरने नाक वर-खाली होतं, रडरने डावी-उजवीकडे वळतं, हे एएफकॅटची आणि पुढच्या मुलाखतीची तयारी करतानाच समजलं.

परीक्षेत प्रश्न 100, गुण 300. उत्तर चुकलं की एक गुण वजा. विमान कळलं, अडलो इंग्रजी शब्दांवर. ही कमतरता बुद्धीची नाही, संधीची आहे. आणि इथे आरक्षणही नाही.

सुभेदार रामजी लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. सैन्यातल्या शाळांमुळे महारांच्या घरांत अक्षर आलं; पुढे इंग्रजांनी ती भरतीच बंद केली. भीमा कोरेगावला आपण सैनिकांना मानवंदना देतो. आता अधिकारीही घडवूया. रोज दहा शब्द शिका, विहारात धाकट्यांना शिकवा.

जय भीम!