चारकोपचे जोते

मुंबईत जन्म घालवूनही चारकोप न पाहिलेली माणसे पुष्कळ आहेत. परवापर्यंत मीही त्यांतलाच होतो. मला तर न जाण्याचे खासे कारण होते: तेथे माझा धाकटा भाऊ राहतो!

कांदिवली स्टेशनच्या पश्चिमेला रिक्षा धरावी. लिंक रोड ओलांडून पुढे गेले, की सेक्टरांचे आकडे सुरू होतात. त्यांच्यापलीकडे तिवरांची झाडी आणि खाडी. जागतिक बँकेच्या मदतीने १९८५ साली हाती घेतलेल्या योजनेत म्हाडाने ही वस्ती वसवली. कल्पना मोठी नामी होती. तयार घर द्यायचे नाही. जमिनीचा लहानसा तुकडा, जोते, नळ आणि संडास एवढीच सोय द्यायची. वरचे घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे चढवावे. पस्तीसेक घरे, मध्ये मोकळा चौक. म्हणजे आरंभी सारे शेजारी एकाच उंचीवर! आज कोणाचे दोन मजले, कोणाचे तीन.

भावाच्या वरच्या मजल्याला माझे पैसे लागले होते. परतफेडीला उशीर झाला, तेव्हा चार नातेवाइकांत मी म्हणालो, "दुसऱ्याच्या पैशावर इमले चढवायची रीत आमच्या घराण्यात नव्हती." त्याने पुढे पै न् पै फेडली, पण येणे-जाणे थांबले. तो माफी मागेल म्हणून मी नऊ दिवाळ्या वाट पाहिली. यंदा भावजयीचा फोन आला: "भावोजी, मुलीचं लग्न ठरलंय. तुम्ही यायलाच हवं."

गेलो, तर दाराला कुलूप. समोरच्या घरातल्या आजींनी हाक मारली, "दादा ना तुम्ही? बाजारात गेलीत मंडळी. बसा." मांडीवर मराठी बायबल उघडे होते. आजी नगरकडच्या, त्यांची आजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली. मला पंडिता रमाबाई आठवल्या. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवले, त्याच बाईंनी पुढे अडाणी बायाबापड्यांना समजावे म्हणून सोप्या मराठीत बायबल उतरवले. १९२२ साली देह ठेवीपर्यंत त्या त्याच कामात होत्या.

"काय वाचताय?" मी विचारले.

लूकच्या अठराव्या अध्यायातली गोष्ट त्यांनी सांगितली. दोघे जण मंदिरात प्रार्थनेला जातात. परूशी धर्मनिष्ठ, आठवड्यातून दोन उपास करणारा, उत्पन्नाचा दहावा हिस्सा देणारा. इतरांसारखा, त्या जकातदारासारखा आपण नाही, म्हणून तो देवाचे आभार मानतो. जकातदार दूर उभा राहतो, मान वर करीत नाही. ऊर बडवून दयेची याचना करतो. देवाने पदरात घेतला तो जकातदार. स्वतःला नीतिमान समजून दुसऱ्यांना तुच्छ लेखणाऱ्यांसाठीच येशूने ही गोष्ट सांगितली, असे लूक आधीच बजावतो.

"अगदी खरं!" मी म्हणालो. "आमच्या ऑफिसात असले परूशी ढीगभर होते. नशीब, माझा स्वभाव तसा नाही."

आजींनी चष्मा काढला आणि त्या हसल्या. "मीही पहिल्यांदा हेच म्हणाले होते. तो परूशी तरी दुसरं काय म्हणाला हो?"

मी गप्प झालो. परूशी खोटे बोलत नव्हता. त्याचे उपास खरे होते, दान खरे होते. माझाही हिशेब चोख होता. पण देवापुढे उभे राहून त्याची नजर होती शेजाऱ्यावर, आणि माझी भावाच्या मजल्यावर! तुकोबांनी देवाकडे लहानपण मागितले, हे कीर्तनात ऐकून मी कितीदा मान डोलावली असेल! ना. वा. टिळक तर तुकोबांच्याच पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. मला तो पूल समोरच्या घरापर्यंतही नेऊ शकला नव्हता.

तेवढ्यात पिशव्या घेऊन भाऊ आला. नऊ वर्षे घोटून ठेवलेले क्षमेचे भाषण मला आठवेना. "चुकलं माझं," एवढेच म्हणालो.

तो गडबडला. "दादा, वर चला, मजला दाखवतो."

"आधी इथे बसू," मी म्हणालो, आणि आम्ही दोघे जोत्यावर टेकलो.

परतताना लोकलमध्ये खिडकी मिळाली. वाऱ्यावर मन सुखावले. वाटले, धाकट्यापुढे असा वाकणारा थोरला हल्ली किती घरांत सापडेल?

आणि लगेच आजींचा चष्मा आठवला!