मागे राहिलेल्याच्या चालीनं

ख्रिस्ती शिबिरांत दोर, कडे आणि रात्रीची चाल यांना इतकं महत्त्व आलं आहे की, मुलं कशीबशी पार झाली म्हणजे नेतृत्व घडलं असं धरलं जातं. मला ते पटत नाही. साहसात स्वभाव उघडा पडतो, पण तो घडतो सोपवलेल्या जबाबदारीनं आणि नंतर दिलेल्या हिशेबानं. शिष्यांचे पाय धुणाऱ्या गुरूचं नाव घ्यायचं, तर सर्वांत पुढे धावणाऱ्याला पुढारी ठरवता येणार नाही.

नागपूरला रानात चालून शिकण्याचा वारसा जवळच आहे. १८४५ मध्ये इथे आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी शाळा काढली. १८८३ चं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी आसपासचा खडक पायी तपासला. टाकळीला लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्यातल्या शंखांचे जीवाश्म मिळाले आणि दोन उद्रेकांच्या मधल्या काळात इथे तळी होती, हे कळलं. हे ज्ञान चालल्याशिवाय हाती येणारं नव्हतं. पण तेच हिस्लॉप ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात बुडाले. म्हणून रानाची ओढ जितकी शिकवायची, तितकंच माघारी फिरणंही शिकवायला हवं.

त्यासाठी हिमालय लागत नाही. नागपूरलगतच्या, ट्रक आणि गोदामांच्या वाडी गावातली मुलं काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीला सहज जाऊ शकतात. तिथे काळ्या दगडांची शेकडो वर्तुळं आहेत आणि काही दगडांवर वाटीसारखे कोरीव खळगे. जागा संरक्षित, त्यामुळे दगडावर चढायचं नाही. एकानं टेप धरावा, दुसऱ्यानं व्यास लिहावा, तिसऱ्यानं पाण्याच्या बाटल्या मोजाव्यात. चाल मागे राहिलेल्याच्या पायानं ठरावी आणि ऊन चढलं की परतायचं का, हेही मुलांनीच ठरवावं. प्रमुखानं सुरक्षिततेची शेवटची रेघ तेवढी आपल्याकडे ठेवावी.

यात थरार कुठे, असं कुणी विचारेल. थरार दोरावरही मिळतो, मात्र तिथे बहुतेक निर्णय प्रशिक्षकाचे असतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: रानात थकलेल्या, भ्यालेल्या मुलावर श्रद्धेचा दबाव येतो. हे खरं आहे, आणि वाडीच्या गटात सगळ्या धर्मांची मुलं असणार. म्हणून प्रार्थनेला बसायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं, आणि दमलेल्या मुलाकडून कसलीही साक्ष मागू नये. भीतीतून घेतलेला होकार श्रद्धेचाही अपमान आहे. हिशेब दुसऱ्या दिवशी, पोटभर जेवल्यावर घ्यावा: कुणाचं ऐकलं गेलं नाही, कुणाचं ओझं कुणी घेतलं, परतायचा निर्णय उशिरा झाला का. या प्रश्नांना जो प्रामाणिक उत्तर देतो, त्याच्या हाती पुढच्या वेळी गट सोपवावा.