विरोध नेमका कशाला?

‘टेक्नॉलॉजी चांगली-वाईट नसते, वापरणारा चांगला-वाईट असतो’ हे वाक्य आपण ग्रुप डिस्कशनमध्ये किती वेळा फेकलं असेल! मार्कही मिळतात. पण चाळीस वर्षांपूर्वी मुंबईतल्या काही मंडळींचं तेवढ्यावर समाधान झालं नाही. त्यांची ही गोष्ट.

गर्भजल तपासणी १९७० च्या दशकात आपल्याकडे आली ती गर्भातले जनुकीय दोष शोधायला. तिच्यात मुलगा की मुलगी हेही कळतं म्हटल्यावर दोष राहिले बाजूला! सरकारी दवाखान्यांत लिंगनिदानाला बंदी झाली, खासगी दवाखाने मात्र मोकळे. आज थोडा खर्च करा, उद्याचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती उघड लागत. १९८६ मध्ये डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली, तर ४२ जण ही तपासणी करत होते.

याच सुमारास मुंबईत लिंगनिदानाविरोधी फोरम उभा राहिला. त्यात स्त्री संघटना होत्या, डॉक्टर, वकील होते, विज्ञान चळवळीतले कार्यकर्ते होते. निदर्शनं, मोर्चे, सरकारदरबारी खेटे... सगळं झालं आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने लिंगनिदानाविरुद्ध कायदा केला. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य! पण राज्याचा कायदा राज्याच्या सीमेपर्यंतच. म्हणून मागणी दिल्लीपर्यंत गेली. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला आणि १९९६ पासून लागू झाला.

आता खरी गोम. गर्भपात १९७१ च्या कायद्याने, काही अटींवर, कायदेशीर झालेला होता आणि स्त्री संघटनांना तो हक्क हवाच होता. मग मुलगी म्हणून होणारा गर्भपात थांबवायचा कसा? त्यांनी बोट ठेवलं ते तपासणीवर. बाईला मूल नको असेल तर तो तिचा निर्णय. पण ‘मुलगी’ नको म्हणून निवड करणं चालणार नाही. म्हणूनच यातल्या अनेकांना ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द खटकतो. ‘हत्या’ म्हटलं की प्रत्येक गर्भपात खून ठरतो. ‘गर्भलिंगनिवड’ म्हणा, असं ते सांगतात. आपल्या गॅदरिंगच्या पोस्टरवर कुठला शब्द असतो, आठवून बघा!

कायदा कागदावर राहू नये म्हणून २००० साली सेहत, पुण्याची मासूम ही संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने सोनोग्राफी मशीन विकणाऱ्या कंपन्यांकडे खरेदीदारांची माहिती मागितली. म्हणजे मशीन विकलं, आपलं काम संपलं, असं विकणाऱ्यालाही म्हणता येईना. २००३ मध्ये कायदा आणखी कडक झाला. तरीही सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, त्या २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाल्या. बीड जिल्ह्यात तर ८०७!

आकडे घसरले की धाडी वाढतात, आणि मग कायदेशीर गर्भपात करायलाही डॉक्टर कचरतात. त्याची झळ बसते ती गरजू बाईला. एक टोक धरलं की दुसरं सुटतं. या संघटनांनी इतकी वर्षं दोन्ही टोकं धरून ठेवली, ही मला त्यांची मोठी कमाई वाटते.

माझ्यापुरतं सांगायचं तर मी घरातली तिसरी मुलगी. माझ्या वेळी एका नातेवाइकांनी ‘एकदा बघून घ्या’ असं सुचवलं होतं म्हणे. आई नाही म्हणाली. हे ऐकून मैत्रिणी म्हणतात, “बघ, म्हणून तू आहेस!” खरंय. पण दोन मुलींनंतर तिला तिसरं मूलच नको असतं तर? तर मी नसते, आणि तरी तो निर्णय तिचाच असता. हे लिहिताना हात जरा थबकतो, पण दोन्ही गोष्टी मला एकदमच मान्य कराव्या लागतात.

आपल्यापैकी कुणी उद्या इमेजिंगवर काम करेल, कुणी मशीन विकेल, कुणी त्याचं सॉफ्टवेअर लिहील. तेव्हा ‘वापरणारा बघेल’ म्हणून हात झटकण्याआधी या मंडळींची आठवण ठेवा, एवढंच!