पाच वाजल्यानंतर

मेसच्या वरणाला नावं ठेवणं हा आपला जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो सोडा असं मी म्हणणार नाही. पण खोली, जेवण आणि दार वाजवून उठवणारा रूममेट, एवढ्यावर आपण किती सेमिस्टर काढली याचा हिशेब कोणी केला का?

आमच्या बाभुळगावचा माझा एक शाळासोबती नववीत दोनदा नापास झाला. वडील नाहीत, आई कापूस वेचायला. लोकांनी त्याला धामणगाव रोडवरच्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग शिकायला लावून दिलं. हात चांगला होता. पण काम सुटायचं पाच वाजता आणि पत्त्यांचा अड्डा भरायचा सहाला! मजुरी तिथंच जायची. एकदा पोलीसही घेऊन गेले. आयटीआयचं सर्टिफिकेट मिळालं असतं तरी त्याची संध्याकाळ काही बदलली नसती.

मग एका गुरुजींनी त्याला पुणे जिल्ह्यातल्या पाबळला धाडलं. तिथं डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. अमेरिकेतली पीएच.डी., हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन, हे सगळं सोडून हा माणूस शाळा सोडलेल्या पोरांसाठी खेड्यात येऊन राहिला. २००३ मध्ये ते गेले, आश्रम चालू आहे. अभ्यासक्रम एका वर्षाचा, निवासी. वर्कशॉप आणि बांधकाम, वीज आणि ऊर्जा, शेती आणि जनावरं, घर आणि आरोग्य, सगळीकडे प्रत्येकानं हात घालायचा. वस्तू केली की तिचा खर्चही मांडायचा. (आपल्याकडे किती जणांना जर्नलच्या बाहेर कॉस्टिंग जमतं?)

दिवाळीत भेटला तेव्हा म्हणाला, "अबे, तिथं संध्याकाळी सुट्टीच नसते न! कोंबड्यायले पाणी दे, सैपाकाची पाळी, मंग हिशोब लिहा. पत्ते कवा खेळू?"

माझ्या मते खरं शिक्षण इथंच होतं. वेल्डिंग दिवसा कुठंही शिकता येतं, रात्र सांभाळणारी जागा मिळत नाही. बालगृहातून १८ व्या वर्षी बाहेर पडणाऱ्याला २१ पर्यंत आधार द्यावा, अशी तरतूद २०१५ च्या बाल न्याय कायद्यात आहे. चांगलंच आहे. पण जो बालगृहात कधी गेलाच नाही, नुसता स्टँडवर बसून आहे, त्याची नोंद कुठल्या रजिस्टरात करायची?

आणि पाबळचं वर्षही संपतंच. परत आल्यावर मशीनसाठी कर्ज मागायला गेला, तर जामीनदार कोण, इथंच गाडी अडली. शेवटी आईनं कानातलं मोडलं. आता भाड्याच्या टिनाच्या शेडमध्ये डवरे आणि ट्रॉल्या दुरुस्त करतो. हाताखाली एक पोरगा ठेवलाय, आठवी नापास. त्याला घरी जाऊ देत नाही, शेडमध्येच झोपवतो, डबा आपल्या आईकडून आणतो. मी विचारलं, पगार किती देतो? म्हणाला, "पगार कायचा? अजून तं रात्रीच मोजून राहिलो."