आयडी कुठला धरायचा?

ग्वाल्हेरच्या बिर्लानगरात राहून मी पुण्यातल्या एका कंपनीचं वर्कफ्लोचं काम पाहते. आमचं सगळं कामुंडा 7 या सॉफ्टवेअरवर चालतं. आरोग्यविम्याचा दावा आला की कागदांची छाननी, डॉक्टरांचा अभिप्राय, मंजुरी, पैसे, ही वाटचाल सॉफ्टवेअर सांभाळतं.

मध्यंतरी मोठ्या रकमेच्या दाव्यांना दुसऱ्या अधिकाऱ्याची मंजुरी सक्तीची झाली. ती पायरी घालून आम्ही प्रोसेसची नवी आवृत्ती चढवली. थोड्याच दिवसांत सहकाऱ्याचा फोन आला, "ताई, मोबाइल ॲपवरून आलेले दावे दुसऱ्या मंजुरीशिवायच पुढे सरकतायत."

मी कॉकपिट, म्हणजे कामुंडाचा देखरेखीचा पडदा, उघडलं. जुन्या आवृत्तीवर काही दावे चालू होते. त्यात वावगं काही नव्हतं. मुद्दाम हलवला नाही तर दावा ज्या आवृत्तीवर सुरू होतो, तिच्यावरच संपतो. पण काहींच्या सुरुवातीची वेळ त्याच दिवशी सकाळची होती! ॲपकडून येणारी विनंती तपासली, तर तिच्यात 'दावामंजुरी:13:' आणि पुढे अक्षरं-आकड्यांची लांबलचक शेपटी. हा डेफिनिशन आयडी. आधी प्रोसेस की, मग आवृत्ती, मग इंजिनने दिलेला क्रमांक. तो वापरला की तेवढी एकच आवृत्ती सुरू होते, मागाहून कितीही नव्या आल्या तरी. नुसती 'दावामंजुरी' ही प्रोसेस की दिली असती, तर सगळ्यात ताजी आवृत्ती आपोआप सुरू झाली असती.

सहकारी नवखा होता. त्याला समजावताना मला पीएफ आठवला. बिर्लानगर 1921 सालच्या जियाजीराव कॉटन मिलमुळे नावारूपाला आलं. मिल बंद पडून जमाना झाला, तरी पीएफचा विषय इथल्या जुन्या घरांतून अजून निघतो. पूर्वी नोकरी बदलली की पीएफचा नंबरही बदलायचा. 2014 मध्ये बारा आकडी यूएएन, म्हणजे युनिव्हर्सल अकाउंट नंबर, आला. तो माणसापाशी कायम राहतो, बदलतो तो त्याखालचा सदस्य क्रमांक. "प्रोसेस की म्हणजे यूएएन समज," मी म्हटलं. त्याला लगेच पटलं. ॲपमधली विनंती त्याच दिवशी बदलली.

खरी दमछाक पुढे होती. निसटलेले दावे शोधायचे होते आणि त्यांच्यामागे दवाखान्याची बिलं भरून पैशांची वाट पाहणारी माणसं होती. मुख्य प्रोसेसमध्ये दाव्याचा नंबर बिझनेस की, म्हणजे आपण दिलेली ओळखखूण, म्हणून घातलेला असल्यामुळे ती यादी झटपट निघाली. पैसे देण्याची प्रोसेस मात्र वेगळी, मुख्य प्रोसेसमधल्या कॉल ॲक्टिव्हिटी या पायरीतून सुरू होणारी. तिच्याकडे बिझनेस की आपोआप जात नाही, मॉडेलमध्ये तसं नमूद करावं लागतं. ते केलेलं नव्हतं. त्यात लॉगमध्ये नोंदला होता एक्झिक्युशन आयडी. प्रोसेसला समांतर फाटे फुटले की प्रत्येक फाट्याचा एक्झिक्युशन आयडी वेगळा. फाटा संपला की चालू नोंदींतून तो पुसला जातो. शेवटपर्यंत टिकतो तो प्रोसेस इन्स्टन्स आयडी, म्हणजे सुरू झालेल्या त्या अख्ख्या प्रोसेसचा आयडी. इतिहासाच्या तक्त्यांतून मूळ प्रोसेस हुडकत एकेक दावा जुळवावा लागला. लॉगच्या प्रत्येक ओळीत इन्स्टन्स आयडी आणि दाव्याचा नंबर शेजारी-शेजारी असते, तर हे काम चहा संपायच्या आत झालं असतं, असं माझं ठाम मत आहे.

तुमच्याकडेही अशी यंत्रणा चालत असेल, तर प्रोसेस सुरू करणाऱ्या विनंत्या एकदा उघडून बघा. एखादीत आवृत्तीचा आकडा अडकलेला दिसला, तर पुढची आवृत्ती चढवायच्या आधी तो काढा.