पाव डॉलरचा व्यापार

काचेच्या गोलात रंगीत गोळ्या किंवा च्युइंगम भरलेले, नाणे घालून मूठ फिरवली की ठरावीक माल हातावर सोडणारे आणि विजेवाचून चालणारे यंत्र हा अमेरिकेतील अल्पभांडवली व्यवसायाचा जुना आधार असून, थॉमस अ‍ॅडम्स यांच्या कंपनीने १८८८ मध्ये न्यूयॉर्कच्या उन्नत रेल्वेच्या फलाटांवर च्युइंगमची यंत्रे बसवली होती. नवखा उद्योजक यंत्राच्या रूपावर भाळतो. वास्तविक या धंद्याचा जीव जागेत असतो, म्हणजे जिथे लहान मुलांसह ग्राहकाला ताटकळावे लागते अशा केशकर्तनालयात, उपाहारगृहात किंवा नाण्यांवर चालणाऱ्या धुलाईकेंद्रात. एक इंची च्युइंगमच्या खोक्यात साधारणतः ८५० गोळ्या येतात, आणि प्रत्येकी २५ सेंटला त्या विकल्यास २१२ डॉलर ५० सेंट जमतात. ही रक्कम मोहक वाटली तरी तिच्यातून मालाची किंमत, जागामालकाचे कमिशन (विक्रीतील ठरलेला वाटा), कर आणि फेऱ्यांचे इंधन वजा व्हायचे असते. माल निवडतानाही विवेक हवा, कारण चॉकलेट उन्हाळ्यात वितळते, शेंगदाणे खवट होतात, तर कडक कवचाचे च्युइंगम दीर्घकाळ टिकते. मुठीमागच्या चकतीचे खण लहानमोठे करून दर नाण्यामागे पडणाऱ्या सुट्या गोळ्यांचे प्रमाण ठरवता येते, मात्र ते इतके आखडू नये की मुलाच्या तळहातावर दोनच दाणे पडावेत. म्हणून नवोदिताने एकदम वीस यंत्रे घेण्याऐवजी दोनतीन यंत्रांनी आरंभ करावा आणि जागामालकाशी कमिशनचा करार लेखीच करावा.