लढाई बसऱ्याला, बट्टा वाण्याकडे

नालासोपाऱ्यात तुळिंजला एखाद्या चाळीत प्रश्नावली घेऊन शिरलं की पहिला प्रश्न आपल्यालाच येतो. "ताई, पाण्याचं आहे का?" पाण्याचं नसेल तर रेशनकार्डाचं, तेही नसेल तर मतदार यादीचं. २०२२ च्या उन्हाळ्यात माझ्या हातातल्या कागदावर मात्र रशिया आणि युक्रेन होते. कुणाची बाजू बरोबर वाटते, भारताने मध्ये पडावं का, असले प्रश्न आणि प्रत्येकाखाली चार पर्याय. एका बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाजू कुणाची का असेना, तेलाचा डबा कधी उतरतोय ते लिहा." माझ्याबरोबरच्या मुलाने 'सांगता येत नाही' वर खूण केली. नियमाने त्याचं बरोबरच होतं. पण आपल्याकडचं सूर्यफुलाचं तेल त्याआधी बहुतांशी युक्रेनमधूनच यायचं. बाईंनी युद्धावर अगदी नेमकं मत दिलं होतं. ते घ्यायला आमच्याकडे रकाना नव्हता.

मतचाचणीच्या धंद्यात युद्धावरचं लोकमत म्हटलं की सगळे व्हिएतनामचं उदाहरण काढतात. गॅलप संस्था अमेरिकनांना वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारत राहिली: तिथे सैन्य पाठवणं ही चूक झाली का? ऑगस्ट १९६५ मध्ये 'हो' म्हणणारे होते २४ टक्के, मे १९७१ मध्ये ६१. जॉन म्यूलर या अभ्यासकाने १९७३ च्या पुस्तकात त्यावरून आडाखा बांधला, की मृतांचा आकडा वाढत जातो तसा पाठिंबा घटतो, आधी भराभर आणि मग सावकाश. आडाखा चांगला आहे, पण त्याला दोन मोठ्या सोयी लागतात. कुणीतरी दारात येऊन विचारलं पाहिजे आणि उत्तर दिल्याबद्दल तुरुंगाची भीती असता कामा नये. आपली माणसं फार मोठ्या संख्येने लढली असं एक परकं युद्ध १९१४ ते १८ चं, आणि त्यात या दोन्ही सोयी नव्हत्या. त्या युद्धाबद्दल मराठी मुलखाला काय वाटत होतं, हे शोधण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत.

शोधायचं कुठे, तर पुराभिलेखागारात. नालासोपाऱ्याहून चर्चगेट, तिथून चालत फोर्टात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. तिथे देशी वृत्तपत्रांवरचे सरकारी साप्ताहिक अहवाल आहेत. सरकारचे भाषांतरकार मराठी, गुजराती, उर्दू पत्रांतले उतारे इंग्रजीत उतरवून साहेबांपुढे ठेवत. अधूनमधून पत्रांची यादी छापत, ती पाहण्यासारखी असते. पत्राचं नाव, गाव, संपादकाचं नाव, त्याची जात, वय आणि खप. टिळकांच्या नावापुढे 'चित्पावन ब्राह्मण' आणि पुढे वयाचा आकडा. संपादकाची जात सरकारला हवी होती. वाचक कोण, याला रकाना नाही. (रकान्यांचं दुखणं आमच्या धंद्याइतकंच जुनं.)

या अहवालांवरून मत काढू जावं तर जनता कमालीची राजनिष्ठ दिसते. पण १९१० चा प्रेस कायदा डोक्यावर होता, जामीन जप्त होण्याची टांगती तलवार होती आणि १९१५ पासून भारत संरक्षण कायदाही आला होता. अशा वेळी कुठला संपादक मनातलं छापणार? म्हणून मी अग्रलेखांपेक्षा अटींकडे बघते. पाठिंबा कुठल्या अटीवर दिलाय, तिथे खरं मत सापडतं.

टिळकांचंच घ्या. मंडालेहून जून १९१४ मध्ये सुटले आणि ऑगस्ट अखेर त्यांनी युद्धात सरकारला साहाय्य करावं असं जाहीर केलं. अनेकांना ती कोलांटउडी वाटते. मला तो सौदा वाटतो, आणि चांगल्या अर्थाने. माणसं देऊ, पण त्यांना अफसरी द्या आणि देशाला स्वराज्य द्या. १० जून १९१८ ला मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये गव्हर्नर विलिंग्डनने युद्ध परिषद भरवली. टिळकांनी निष्ठेच्या शब्दांनंतर गृहसंरक्षण आणि स्वराज्य यांची सांगड घालायला सुरुवात केली, तोच गव्हर्नरने इथे राजकारण नको म्हणून थांबवलं. टिळक उठून बाहेर पडले. त्यांचे सहकारी न. चिं. केळकर यांचीही तीच गत. आठवडाभरात निषेधाची सभा झाली, अध्यक्ष गांधी. हेच गांधी त्या उन्हाळ्यात खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायी हिंडत होते, आणि ज्या गावांनी साराबंदीच्या सत्याग्रहात त्यांना डोक्यावर घेतलं होतं, तिथे आता बैलगाडीही मिळेना. टिळकांनी गांधींना पन्नास हजारांचा चेक पाठवला. हिंदी माणसाला अफसरी मिळण्याचं वचन सरकारकडून आणा, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसं देतो. नाही दिली तर पैसे तुमचे. साहाय्यात देवघेव नको म्हणून गांधींनी तो परत केला. गांधींचा विचार उदात्त असेल, पण लोकमताची नाडी टिळकांच्या बोटाखाली होती. खेड्याच्या शेतकऱ्यालाही तेच विचारायचं होतं: आमच्या पदरात काय?

आता जे खरोखर गेले त्यांचं. ते पुण्याच्या अग्रलेखांचे वाचक नव्हते. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर इथली माणसं मराठा पलटणींत गेली आणि त्यांतली पुष्कळ मेसोपोटेमियात पोचली. घरी त्याचं नाव एकच, बसरा. पुण्याची म्हणून ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन कुत-अल-अमाराला तुर्कांनी डिसेंबर १९१५ मध्ये वेढली. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी त्यात होत्या. खायला घोडे उरले, ते कापले गेले आणि अनेक हिंदी शिपायांनी कितीतरी दिवस त्याला तोंड लावलं नाही. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजारांनी शरणागती पत्करली आणि त्यातले असंख्य कैदेत मेले. जखमींची आबाळ इतकी झाली की लंडनला चौकशी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल जून १९१७ मध्ये आला, त्यावर माँटेग्यू या ब्रिटिश खासदाराने हिंदुस्थान सरकारला पार्लमेंटात धुऊन काढलं आणि तोच भारतमंत्री होऊन २० ऑगस्टला जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा करता झाला. बसऱ्याच्या चिखलात रुतलेल्या शिपायाचं मत कुणी विचारलं नव्हतं, पण ते वळसा घालून लंडनला पोचलं होतं.

तुळिंजला माझ्या मजल्यावर राहणारे एक काका मूळ रत्नागिरीकडचे, गिरणगावातली चाळ सुटल्यावर इकडे आलेले. त्यांच्या आजोबांचं पदक मी हातात घेऊन पाहिलंय. चांदीचं, एका बाजूला पाचव्या जॉर्जचं तोंड, आणि कडेवर बारीक अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण. आजोबा लढाईबद्दल काय म्हणायचे, असं विचारलं तर काका म्हणाले, "महिना अकरा रुपये म्हणायचे. आणि तेही वेळेवर." मला हे उत्तर फार मोलाचं वाटतं.

महार समाजाचं मत आणखी वेगळं. १८९० च्या दशकात त्यांची भरती बंद झाली होती. ती उघडावी म्हणून गोपाळ बाबा वलंगकर आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केले. १९१७ मध्ये १११ महार पलटण उभी राहिली. ज्या युद्धाला पुण्यात सौद्याचं साधन मानलं जात होतं, ते या घरांना बंद झालेलं दार उघडल्यासारखं होतं. युद्ध संपलं आणि १९२१ मध्ये पलटण मोडली. 'महाराष्ट्राचं मत' असा शब्दप्रयोग कुणी केला की म्हणूनच मी विचारते, कुठल्या आळीतलं?

पण सगळ्या आळ्यांनी एकाच वेळी दिलेलं एक मत सापडतं. ते नाण्यांत आहे. युद्धात चांदी महागली, रुपयातली चांदी रुपयापेक्षा जड झाली आणि लोक रुपये पुरून ठेवू लागले. सरकारने रुपया वितळवायला बंदी केली. ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची कागदी नोट आली, जानेवारीत अडीच रुपयांची. लोकांनी ती घेतली, पण वाणी बट्टा कापून घ्यायचा. नोट म्हणजे सरकारचं वचन. ते वचन रुपयाला रुपया चालतंय की चौदा आण्यांना, हे दर बाजारच्या दिवशी ठरत होतं. १९१८ च्या वसंतात जर्मनांची फ्रान्समध्ये चढाई चालू असताना लोक नोटा मोडून रुपये मागू लागले आणि सरकारचा चांदीचा साठा तळाला गेला. शेवटी अमेरिकेने एप्रिलमध्ये कायदा करून वीस कोटी औंस चांदी हिंदुस्थानसाठी मोकळी केली. गॅलपने दर महिन्याला प्रश्न विचारला असता तरी याहून बारीक आलेख मिळाला नसता. या मतदानात जामीन जप्त होण्याची भीती नव्हती आणि वाचता येण्याचीही अट नव्हती.

११ नोव्हेंबर १९१८ ला युद्धबंदी झाली. महागाई उतरली नाही, मध्ये इन्फ्लुएन्झाने घरं रिकामी केली. जानेवारी १९१९ मध्ये मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या आणि लाखाहून अधिक कामगार संपावर गेले. मागणी पगारवाढीची. हे कामगार मुख्यतः रत्नागिरी आणि साताऱ्याकडचे, म्हणजे बसऱ्याला माणसं पाठवणाऱ्या त्याच जिल्ह्यांतले, पुष्कळदा त्याच घरांतले. इतिहासाच्या पुस्तकांत हा संप कामगार चळवळीच्या प्रकरणात असतो. माझ्याकडे तो युद्धाच्या फाइलमध्ये लावलेला आहे.